नळीच्या लांबीएवढं घर

भाच्याचा, महादेवचा फोन आला तेव्हा मी लातूरला, शाळेत होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला. त्याच्या मागं खडी क्रशरचा आवाज मात्र चालूच होता, रोजच्यासारखा... आता महिना होत आला, पण अक्का म्हटलं की आधी तो आवाजच कानात येतो.

अक्का माझी थोरली बहीण. बेंबळीजवळच्या एका खेड्यात दिलेली. नाल्यापलीकडच्या शेतातून ती हाक मारायची आणि ती हाक थेट वस्तीपर्यंत यायची, असा तिचा आवाज होता. काही वर्षांपूर्वी तिच्या घरामागच्या माळावर क्रशर आला. आधी तुरीची पानं पांढरी पडली, मग रांजणातल्या पाण्यावर धुळीची साय धरू लागली, मग अक्काला खोकला लागला. धाराशिवच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, बिडी ओढता का. ती म्हणाली, चूल फुंकली जन्मभर, बिडी न्हाय. डॉक्टरांनी समजावलं की डोळ्याला दिसते ती धूळ बरीचशी नाका-घशात अडते. दिसत नाही ती फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि सहजी बाहेर येत नाही.

ती गप्प बसणारी नव्हती. दारोदार फिरून तिनं बायकांच्या सह्या, अंगठे घेतले आणि ग्रामसभेत अर्ज दिला. साहेब लोक येऊन गेले, क्रशर बंद झाला. गावातली दहा-बारा माणसं घरी बसली. त्यांत तिथं टिप्पर चालवणारा महादेवही होता. तो आईला एका शब्दानं बोलला नाही. नुसता ओट्यावर बसून राहायचा. ज्यांनी अंगठे दिले होते त्या बायका हापशावर तिच्याशी बोलेनाशा झाल्या. दोन महिन्यांनी क्रशर पुन्हा सुरू झाला. पहिल्या दिवशी महादेवचा डबा अक्कानंच भरून दिला.

"माझा दम तिथंच चाललाय बापू," ती मला म्हणाली, "आन् लेकाची भाकर बी तिथनंच येतीय. म्या शिव्या तरी कुणाला देऊ?"

पुढं ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याची नळी उंबऱ्यापर्यंत पुरायची, पुढं नाही. तेवढंच तिचं घर. उन्हाळ्यात खिडकी लावली तर जीव घुसमटायचा, उघडली तर खोकल्याची उबळ यायची. लाइट गेली की ती दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून दाराकडं बघत बसायची. तीन शब्द बोलायची, थांबायची...

एकदा मी तिला लातूरला आणलं. पंधरा दिवसांत ती आडवी होऊन झोपू लागली. मग गावाकडनं कळलं की तिची नात, महादेवची पोर, खोकतीय. लगेच पिशवी भरली तिनं. मी राहा म्हणालो, पण खरं सांगायचं तर फार अडवलं नाही. दोन खोल्यांचं आमचं घर, तिच्या मशीनची घरघर, बायकोची ओढाताण... एस.टी.त बसवताना मला हलकं वाटलं होतं. ते आता कुणाला सांगू?

दिवसकार्य झाल्यावर मी तिच्या खोलीत गेलो. मशीन परत गेलं होतं. खिडकीला अक्काचं जुनं इरकल लुगडं बांधलेलं होतं, ओलं. मी अक्काच्या सुनेकडं, सुनीताकडं बघितलं.

"आत्याबाई दिसातनं तीनदा भिजवायच्या, मामा. धूळ जराशी अडती म्हनायच्या."

"आता कशाला?"

तिनं खाटेकडं बोट केलं. नात झोपली होती. झोपेतच खोकत होती. सुनीतानं लुगडं सोडून बादलीत बुचकळलं. पाणी राखेसारखं झालं. ते मोरीत ओतून तिनं दुसरं पाणी घेतलं, तेही तसंच झालं. तिला एकटीला पिळणं जमेना. मी लुगड्याचं दुसरं टोक धरलं.