दोन ताटांचा मलिदा

डहाणूत घर घेतलं ते २०१६ साली. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांत काही चांगलं घडलं की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि सोबत फळं. प्रार्थना झाली की ते ताट सगळे मिळून खातात.

बायको चिंचणीच्या मच्छीमार घरातली, हिंदू. आमच्यात खवल्यांचीच मासळी चालते, म्हणून लग्नानंतर तिनं कोळंबी-खेकडे आपणहून सोडले. तिची आई मासळी विकायची. लेकीकडे द्यायचे पापलेट ती टोपलीत वेगळे ठेवायची.

नव्या घराच्या मलिद्याला ठाण्याहून माझी आत्या आणि तिचे यजमान आले. प्रार्थना तेच म्हणणार होते. आत्यानं पिशवीतून डबा आणि ताट काढलं.

"पोहे घरूनच करून आणलेत. तुला कशाला त्रास?"

"आत्या, मी सकाळीच केलाय मलिदा," बायको म्हणाली.

"असू दे गं. तो आपण मागाहून खाऊ."

सासूबाई खाली बसून चिकू पुसत होत्या. मान वर न करताच त्या आत्याला म्हणाल्या,

"विहीणबाई, एवढं ओझं गाडीतून आणलंत, हात दुखले असतील. पोरीनं कोळंबी सोडली. आता काय हातही तोडून ठेवायचे तिनं?"

"तसं नाही हो. पद्धत असते."

मी म्हणालो, दोन्ही ताटं ठेवू. हा तोडगा मला तेव्हा बरा वाटला. आत्याच्या यजमानांनी तिच्या डब्यातून भरलेलं ताट पुढ्यात ओढलं आणि प्रार्थना सुरू केली. बायकोचं ताट भिंतीकडे राहिलं.

मग ठाण्याच्या माणसांनी आपल्या ताटातलं खाल्लं, सासूबाईंनी लेकीच्या. मी दोन्हींतलं घेतलं आणि दोन्ही वेळा कोण पाहतंय ते पाहिलं. ज्या घरासाठी आभार मानायचे होते त्या घरात मान वर करून बसवेना.

संध्याकाळी सासूबाई उरलेला मलिदा डब्यात भरून चिंचणीला घेऊन गेल्या.

दोन वर्षांनी मुलगी दहावी पास झाली. पुन्हा मलिदा ठरला. बायकोनं आत्याला फोन लावला. मी शेजारीच होतो.

"आत्या, येताना मलिदा घेऊन या. ताटही. मी फक्त फळं आणते."

आवाजात राग नव्हता. आत्याला बरं वाटलं असावं, कारण ती बराच वेळ बोलत होती. फोन ठेवून बायको पापलेट साफ करायला बसली. खवले नीट काढत होती, नेहमीसारखेच.