खूण आधी पोचायची

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नागपूरहून रोज बसने कळमेश्वरला जायचे. तिथल्या एका लहान कंपनीत आम्ही दोन प्रोसेसर आणि दोघांत एकच मेमरी असलेला संगणक बनवत होतो. त्याचा कर्नल, म्हणजे सगळं यंत्र चालवणारा मूळ प्रोग्रॅम, माझ्या गळ्यात होता. गिऱ्हाइकाने यंत्र पास केलं तर आमचा विभाग राहणार, नाहीतर बंद.

यंत्र मधूनच चुकीचा आकडा द्यायचं. पहिला प्रोसेसर मेमरीत माहिती लिहायचा आणि मग 'तयार' अशी खूण करायचा. दुसरा खूण पाहून माहिती उचलायचा. प्रोग्रॅममध्ये क्रम बरोबर होता. वाचून वाचून डोळे शिणले, चूक सापडेना. तपासायला म्हणून मध्ये पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या ओळी टाकल्या, की दुखणं गायब. ओळी काढल्या, की पुन्हा हजर! मला त्या यंत्राचा अगदी वीट आला होता.

हार्डवेअर बघणारे एक सहकारी माझ्यापेक्षा वडील होते. ते म्हणाले, "काहून काढून राहिली वं त्या ओळी? चालून तर राहिलं ना! राहू दे." साहेबांनाही ते पटलं. तपासणीच्या दिवशी यंत्र एकदाही चुकलं नाही. फक्त इतकं रेंगाळलं, की गिऱ्हाइकाची माणसं चहा पिऊन परत आली तरी पहिलंच काम सुरू होतं. त्यांनी नकार दिला आणि विभाग बंद करायचं ठरलं.

कोणी विचारत नसताना मी तेच चघळत बसले. त्या ओळींनी चूक सुधारत नव्हती, नुसता वेळ जात होता आणि तेवढ्यात माहिती मेमरीत पोचत होती. म्हणजे एरवी ती पोचतच नव्हती! प्रोसेसरला घाई फार. लिहिलेलं तो आधी आपल्यापाशी ठेवतो आणि सोयीने पुढे पाठवतो. त्यात खूण आधी जायची, माहिती मागे राहायची. मी दोन्हींच्या मध्ये एक सूचना घातली: आधीचं पोचेपर्यंत पुढचं पाठवू नकोस. हीच मेमरी बॅरिअर. तरी चूक पुरती जाईना, कारण दुसरे प्रोसेसर महाशय खूण बघण्याआधीच माहिती वाचून मोकळे होत होते. तिथेही एक घातली.

यंत्र धावायला लागलं. मी त्या सहकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी स्वतः एक काम चालवून पाहिलं.

"मस्त चालून राहिलं," ते म्हणाले. "पण आता बंद कर वं त्याले. भंगारवाल्याचा ट्रक येऊन उभा आहे."

मी बंद केलं. रागवायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं.