शकूरभाईचं नाक

लोधिवलीजवळ जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून शकूरचं गॅरेज आणि माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. मधे फक्त एक पत्रा. त्याने पलीकडे हातोडी मारली की माझ्या फळीवरचे डबे नाचतात. त्या पत्र्यातून मी त्याचं खोकणं, गिऱ्हाइकांशी भांडणं सगळं ऐकलंय आणि त्याने माझं. आम्ही मित्र आहोत असं कुणी म्हटलं तर दोघेही कानावर हात ठेवू, पण जेवणाचे डबे एकाच बाकावर उघडतो.

शकूरची ख्याती होती नाकाची. गाडी दारात आली की बोनेट उघडायच्या आधी हा पठ्ठ्या डोळे मिटून वास घ्यायचा. क्लच जळलाय, बेल्ट घासतोय, ऑइल गळतंय, सगळं नाकाने सांगायचा. इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळत असेल तर फारच सोपं, कारण त्याचा वास गोड असतो. इथे घाटाच्या पायथ्याशी रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून गळती बुजवणारे आणि गाडी देवाच्या हवाली करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या नावाने शकूर बोटं मोडायचा. गळती कुठून होतेय हे सापडल्याशिवाय तो गाडी सोडायचा नाही, म्हणून कर्जत-खालापूरपासून पार शेलूपर्यंतचे लोक त्याच्याकडे यायचे.

करोनात तो आणि त्याची बायको जुबेदाभाभी दोघेही आजारी पडले आणि सुदैवाने दोघेही उठले. गॅरेज पुन्हा उघडलं, पण शकूर जरा गप्प झाला. एकदा त्याच्याच वेल्डिंग मशीनची वायर जळायला लागली. तो वास पत्र्याच्या अलीकडे माझ्या घशात उतरला आणि हा वायरीकडे पाठ करून निवांत चहा पितोय. मी धावत जाऊन बटण बंद केलं. "लक्ष नव्हतं," म्हणाला. म्हातारा झालास म्हणून मी त्याला चिडवलं. तो हसला नाही. वास घ्यायची सवय मात्र तशीच होती. डोळे मिटायचे, नाक पुढे करायचं, मान डोलवायची. त्यानंतर टॉर्च मारून, बोटांनी चाचपून दोष शोधायचा. वेळ पूर्वीपेक्षा जास्त लागायचा, एवढंच मला दिसलं.

यंदा थंडीत गंधार आला. कर्जतच्या दत्तोपंतांचा मुलगा. दत्तोपंतांनी जन्मभर शाळेत शिकवलं आणि जन्मभर आपली गाडी शकूरशिवाय कुणाला हात लावू दिली नाही. गंधारने मुंबईहून कुणाची तरी वापरलेली, लालभडक, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार घेतली होती. आमच्याकडचे स्पीडब्रेकर आणि ती जमिनीला टेकलेली गाडी, मला तर हसूच आलं. पण पोराची हौस. त्याच्या आईने, पद्मजाबाईंनी, गाडीची यथासांग पूजा करून आरशाला बकुळीचा गजरा बांधला होता. बकुळ सुकली तरी वास धरून ठेवते, त्यामुळे गाडीत कायम गोडसर दरवळ असायचा आणि घरात त्याचं कौतुक चालायचं.

"शकूरकाका, कूलंट सारखं कमी होतंय," गंधार म्हणाला. "भरलं की पुन्हा खाली. पण गाडीखाली एक थेंब दिसत नाही. मधे मी साधं पाणीही टाकत होतो."

साध्या पाण्यावरून शकूरने त्याला चार शब्द सुनावले. मग डोळे मिटले, नाक पुढे केलं, मान डोलवली. इंजिन थंड झाल्यावर त्याने रेडिएटरच्या तोंडाला हवेचा पंप लावला आणि दाब दिला. पंपावरचा काटा हळूहळू खाली सरकू लागला, म्हणजे गळती होती. त्याने प्रत्येक पाइप, प्रत्येक जोड तपासला. सगळं कोरडं. ऑइल स्वच्छ, धूरही पांढरा नाही, म्हणजे कूलंट इंजिनातही जात नव्हतं. आत डाव्या बाजूच्या पायाखालचा गालिचा दमट लागला. त्याने बोटं चोळून पाहिली. कूलंटमध्ये एवढं पाणी मिसळल्यावर त्याचा रंग राहिला नव्हता की बुळबुळीतपणा. "एसीचं पाणी हाय," तो म्हणाला. रेडिएटरचं झाकण आणि एक जुनाट पाइप बदलून, नवं कूलंट भरून त्याने गाडी सोडली.

गळती सापडल्याशिवाय शकूरने गाडी सोडली हे मला खटकलं. पण गिऱ्हाइकासमोर कशाला बोला, म्हणून मी गप्प बसलो.

पुढच्याच आठवड्यात ती गाडी टोइंगच्या हुकाला लटकून परत आली. गंधार आणि त्याची बायको सानवी सकाळी पुण्याला निघाले होते. थंडी होती म्हणून त्यांनी हीटर लावला. खोपोलीच्या वर घाटात समोरची काच आतून एकदम पांढरी झाली. सानवीने ओढणीने पुसली तर काचेवर तेलकट थर पसरला आणि होतं तेवढंही दिसेना. शेजारून ट्रक चाललेला. गंधारने अंदाजाने गाडी कडेला घेतली ती कठड्याला घासून थांबली. सानवी आमच्या बाकावर बसली होती. मी तिला चहा दिला.

गंधारने शकूरला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. तो म्हणाला, "बाबा म्हणाले, शकूरलाच दाखव, त्याच्या नाकातून सुटणार नाही. काका, तुम्ही एकदा आत बसून बघता का?"

शकूर आत बसला. दार लावून घेतलं. काचेतून मला त्याचे मिटलेले डोळे दिसत होते. बराच वेळ तो तसाच बसून राहिला.

"बकुळीचा वास हाय," बाहेर येऊन म्हणाला. "दुसरं काय नाय. इंजिन खोलावं लागंल."

उघड्या दारातून मी सहज डोकं आत घातलं आणि बकुळीपेक्षा वेगळ्या, गोड, जड, चिकट वासाने माझं नाक भरून गेलं. माझ्यासारख्या तपकीर ओढणाऱ्याला जो वास आला तो शकूरला आला नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली. ती जळकी वायर, तो चहा, ती डोलणारी मान, सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात उजळलं आणि मला भयंकर राग आला. मी त्याला हाताला धरून पत्र्यामागे नेलं.

"तुला वास येत नाही. कधीपासून?"

"हळू बोल, दशरथभाऊ."

"अरे, ती दोघं मेली असती."

"म्हाईत हाय मला." त्याचा आवाज फाटला. "लोक माझ्या नाकाकडं येतात, भाऊ. पाने-पकडी तर सगळ्यांकडं हायत. हे गेलं म्हनून सांगितलं, तर माझ्याकडं ऱ्हातंय काय?"

माझा राग निम्मा उतरला. शकूर पत्र्याच्या फटीतून सानवीकडे पाहत होता. तिने चहा न पिताच कप खाली ठेवला होता आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तो तसाच बाहेर गेला आणि गॅरेजमागच्या घराकडे तोंड करून त्याने हाक मारली, "जुबेदा, जरा हिकडं ये गं."

भाभी पिठाचे हात पुसत आल्या. शकूर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "करोनापास्नं मला वास येत नाय. गंधार, बाळा, मागच्या खेपेला मी निस्तं नाटक केलं. जुबेदा, आत बसून सांग कसला वास येतोय."

भाभी आत बसल्या, गजऱ्याला नाक लावलं, मग वाकून पायांपर्यंत गेल्या.

"बकुळ वर हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो वास खालनं येतोय, डाव्या अंगानं. पाक करपायला लागल्यावानी."

पुढचं काम हाताचं होतं. हीटरसाठी डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो. त्याची शिवण उकलली होती. कूलंट तिथून गालिच्यात झिरपत होतं आणि हीटर लावला की वाफ होऊन काचेवर बसत होतं. तो भाग मी मुंबईहून मागवला. शकूरने अख्खा डॅशबोर्ड उतरवून तो बसवला आणि पुन्हा पंप लावला. काटा जागचा हलला नाही. तरी त्याने भाभींना बोलावून, हीटर लावून, दार बंद करून आत बसवलं.

"आता बकुळच," त्या म्हणाल्या.

गंधारने जाताना शकूरचे हात हातात घेतले. पण बाबांना काय सांगू, असं त्याने विचारल्यावर शकूर म्हणाला, "हाय ते सांग," आणि गंधारने मान खाली घातली. दत्तोपंतांची गाडी त्यानंतर अजून आलेली नाही. आणखीही काही जण येईनासे झालेत. नाक पुढे करायची सवय शकूरने सोडलीय आणि रिकाम्या हातांनी तो बाकावर बसतो ते मला बघवत नाही.

लाल गाडी गेली त्या दुपारी मी दुकानात होतो. पत्र्यापलीकडे दोघंच होती.

"तुला तरी सांगायला पायजे होतं," शकूर म्हणत होता.

"मला म्हाईत होतं."

"कसं?"

"दर ईदला तुमी म्हनता, अत्तर छान हाय." भाभी थांबल्या. "आजारी पडल्यापास्नं मी अत्तर लावलंच नाय. तशीच तुमच्याम्होरं येऊन हुबी ऱ्हायची. वाटायचं, या ईदला तरी खरं सांगतील."

मी हातातला डबा वाजणार नाही असा फळीवर ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.