सुरकुत्या पुसणारे मामा आणि नवा कॅमेरा

माझ्या मामांइतका हट्टी माणूस साऱ्या गोव्यात झाला नाही, आणि हे मी मराठी-कोंकणीच्या भांडणातले दोन्हीकडचे पुढारी जमेस धरून लिहितो आहे. पुढारी निदान खुर्ची दाखवली की मऊ होतात. मामा डिचोलीच्या बाजारातले फोटोवाले. एका नव्या जपानी कंपनीचा एजंट त्यांना चहा, कॅलेंडरं आणि फुकटचे रोल देऊन महिनोन्‌महिने मऊ करू पाहत होता. मामा दर खेपेस कॅलेंडर ठेवून घेत आणि एजंटाला परत पाठवत.

मामांचा कॅमेरा जुना, जर्मन, एकाखाली एक दोन भिंगांचा. तो छातीशी धरून, मान खाली घालून वरून आत बघायचं. समोरच्या म्हाताऱ्यांना वाटे, फोटोवाला नमस्कार करतो आहे. तेही घाईनं हात जोडत. आमच्याकडच्या निम्म्या घरांत आजोबा हात जोडून फोटोत बसले आहेत, त्याचं कारण भक्ती नव्हे. पुढची करामत पेन्सिलीची. त्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह बिस्किटाएवढी. मामा ती जनेलाच्या गजांपाशी उजेडात धरून, टोक सुईसारखं केलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरची एकेक सुरकुती भरून काढत. पाळी गावच्या खाणीवर राबून मोडलेला माणूसही त्यांच्या फोटोत कालच साखरपुडा झाल्यासारखा दिसे. मी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहायचो; मला याचा भयंकर संताप यायचा. मी म्हणायचो, "हा खोटेपणा आहे मामा. खाणीनं त्याचं काय केलं ते लोकांना दिसू दे!" मामा पेन्सिल न थांबवता म्हणत, "तो फोटो घरांत देवाकुशीक लायतलो रे. तें तुजें पत्रक न्हय. आनी तूं मराठी जाय म्हणून बोंब मारता, आवयकडे ज्येवण मात कोंकणींत मागता. आदीं तुजें तोंड फोकसांत हाड."

आमच्या मोर्चाचा फोटो काढायला त्यांना बोलावलं, ही चळवळीची घोडचूक. वेगळं राज्य हवं आणि त्यात मराठीला जागा हवी, म्हणून आम्ही घसे फोडत चाललो होतो. मामांनी चौकात हात वर करून मोर्चा थांबवला. समोरच्या हॉटेलातून कदेलं मागवली, पुढाऱ्यांना त्या खुर्च्यांवर बसवलं, बायका मधल्या रांगेत, उंच पोरं मागे. अडवायला आलेले फौजदारही कडेला एक जागा रिकामी दिसल्यावर टोपी काढून, केसांवरून फणी फिरवून उभे राहिले. घोषणा बंद, कारण मामांचा हुकूम होता, "तोंडां धांपा! दांत दिसतात." तो फोटो एका वर्तमानपत्रानं छापला आणि खाली लिहिलं, 'स्नेहसंमेलनातील एक क्षण'. मी मामांशी कितीतरी दिवस बोललो नाही.

तोवर नवा कॅमेरा आसपासच्या तालुक्यांत पसरला होता. म्हापशाचे फोटोवाले त्याच्याकडे गेले, साखळीचे गेले, पेडण्याचे गेले. शिरगावच्या जत्रेत बघावं त्या फोटोवाल्याच्या गळ्यात तोच. मामांचं एकच पालुपद, "नखाएवडी निगेटिव्ह. पेन्सिल खंय चलोवची?" पण खरी गोष्ट ती नव्हती. खरी गोष्ट कळली एका लग्नात, जेव्हा फोटोत नवरी धुरासारखी आली आणि मांडवामागचा माड झावळीन्‌झावळी स्पष्ट. मामांचे डोळे गेले होते. पणजीच्या डॉक्टरांनी हात टेकले. हळूहळू लग्नं थांबली, बारशी थांबली, स्टुडिओच्या बाकावर धूळ बसू लागली. नवा कॅमेरा फोकस आपला आपण धरायचा. तो घेतला नाही तर दुकान बंद, आणि दुकान बंद झालं तर हा माणूस दिवसभर करणार काय? मी तोंडावर सांगितलं, "घ्या, नायतर कुलूप लावा." मामांनी पुढच्या खेपेला एजंटाला परत पाठवलं नाही. त्या खेपेला एजंट एक कॅमेरा वापरून बघायला ठेवून गेला.

हळर्णच्या एका म्हातारीला, आपल्यामागे घरात लावायला, फोटो हवा होता. मामांनी तिचा एक फोटो जुन्या कॅमेऱ्यानं काढला, एक नव्यानं. जुन्याच्या निगेटिव्हवर अंदाजानं पेन्सिलही फिरवली. मग दोन्ही फोटो घेऊन आम्ही तिच्या पडवीत जाऊन बसलो. जुना हातात घेऊन म्हातारी म्हणाली, "ही कोण?" नवा घेऊन ती दारात उजेडाला गेली. कपाळावरून, गालावरून बोट फिरवत राहिली. "ही मी. ही खूण गायच्या शिंगाची." मग वळून, अगदी मायेनं, "फोटोवाल्यानू, त्या फोटोत पुसलात कित्याक? इतकी वर्सां काडलंय मी, ती खंय गेली?"

हे तर माझंच म्हणणं. माझ्या पत्रकात शोभलं असतं. पण मामांच्या तोंडाकडे मला बघवेना. जन्मभर त्यांनी गावोगावच्या चेहऱ्यांवर जी माया केली, ती कुणी मागितली होती का, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मामा खिडकीशी बसले. मग म्हणाले, "तो नवो फोटो कसो आयला रे?"

"तुमीच न्हय तो धुयलो?"

"काळखांत धुवपाक दोळे लागनात. तूं सांग."

मी सांगायला लागलो. पत्रकातलं एकही विशेषण उपयोगी पडेना. पांढरे केस, कानातल्या कुड्या, ओठ आत गेलेले.

"हासता?"

"हासना. पूण रडनाय. सारकी समोर पळयता."

बाहेर खनिजाचे ट्रक धूळ उडवत चालले होते. मामांनी डोळे मिटून घेतले. "म्हणजे कॅमेरो बरो आसा," ते म्हणाले.

त्यांनी तो घेतला. एजंट आता म्हापशापर्यंत सांगत फिरतो, की डिचोलीचा म्हातारासुद्धा आमच्या कंपनीनं जिंकला. जिंकला, खोटं नाही. स्टुडिओत पुन्हा माणसं येतात. मामा कॅमेरा उचलतात, तो आतल्या आत गुरगुरतो, फोटो निघतो, आणि तो लख्ख येतो असं सगळे म्हणतात. संध्याकाळी मी गेलो की ते फोटोंची चळत माझ्यापुढे सरकवतात. माणूस कोण हे विचारत नाहीत. काढतानाच्या आवाजावरून आणि चळतीच्या क्रमावरून त्यांना ते ठाऊक असतं. नजर कुठे लागली आहे, एवढंच विचारतात, "दोळे खंय पळयतात रे तेचे?" मी फोटो दिव्याखाली धरतो, नीट बघतो आणि सांगतो.