पडद्यावरचा बाक

बागेतल्या दगडी बंगल्यात आधुनिक चित्रांचं दालन उघडलं आणि फाटकावर 'प्रवेश विनामूल्य' अशी पाटी लागली, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की यांना नक्की काय हवंय. आमच्या पुण्यात पत्ता विचारला तरी दोन शब्द ऐकवूनच सांगतात. इथे दिवे, पंखे, रंगवलेल्या भिंती, आणि सगळं फुकट.

बंगला इंग्रजांच्या काळातला. कुठल्याशा साहेबाचा, मग बागेच्या कचेरीचा, आणि मी पाहते आहे तेव्हापासून कुलपाचा. मागची दोन वर्षं त्याला बांबूची परांची बांधलेली होती. आता हे लोक काही दिवस चित्रं दाखवणार, मग चहाचं दुकान काढणार, मग बागेलाच तिकीट लावणार, असं मी यजमानांना जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "असेल." ते हल्ली सगळ्यालाच 'असेल' म्हणायचे.

माझ्या स्वभावाबद्दल इथेच सांगून टाकते. नोकरीची शेवटची वीस वर्षं मी बँकेत चेकवरच्या सह्या नमुन्याच्या सहीशी ताडून पाहायचं काम केलं. अक्षराला कुठे झटका बसलाय, शेवटचा फराटा कुठे अडखळलाय, हे बघत दिवस जायचा. असं काम केलेलं माणूस घरी येऊन भोळं होत नाही. मी कोथिंबिरीची जुडी उलगडून बघते. आत पिवळी असते.

श्रावणात एका सकाळी मी बंगल्यात गेले. दारातच टेबल, त्यावर वही. नाव, फोन, ईमेल. म्हटलं, आलं मूळ पदावर. मी माहेरचं नाव लिहिलं आणि फोनचे शेवटचे दोन आकडे उलटे केले. शेजारी स्टुलावर पन्नाशीचा रखवालदार बसला होता. त्याने काही विचारलं नाही, त्यामुळे मला जास्तच संशय आला.

पहिल्या खोलीत एका मोठ्या पांढऱ्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत पेन्सिलीने उभ्या रेघा मारलेल्या होत्या. शेकडो रेघा, एकमेकींना अगदी समांतर. दुसरं काही नाही.

"हे चित्र आहे, की चित्राची तयारी?" मी रखवालदाराला विचारलं.

"पुरं झालेलं हाय," तो म्हणाला. "मानूस बारा दिवस शिडीवर हुता."

मला यजमानांची आठवण झाली. ते पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. संगणक यायच्या आधीपासून रेघा मारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना हे दाखवायला हवं, असं मला वाटलं. त्या बंगल्यात मला सुचलेला तेवढा एकच साधा विचार.

दुसरी खोली काळोखी होती. समोर पडदा, बसायला एक लाकडी बाकडं. पडद्यावर बागेतलाच एक बाक दिसत होता, बकुळीच्या झाडाखालचा. बंगल्याचं काम चालू असताना कोणीतरी वरच्या खिडकीत कॅमेरा ठेवून हिवाळाभर त्या बाकाच्या दुपारी टिपल्या होत्या. आवाज नाही. एक बाई येऊन डबा खाते, जाते. दोन मुलं भांडतात. कुत्रं येऊन झोपतं.

मी बाहेर येऊन विचारलं, "माणसांची परवानगी घेतली होती का?"

"फाटकाला कागद लावलेला हुता. कोन वाचतंय?"

मी तावातावाने परत आत गेले. तक्रार करायची तर पूर्ण बघून करावी. पाच-सात मिनिटं झाली असतील, आणि पडद्यावर माझे यजमान आले.

तपकिरी स्वेटर, मीच विणलेला. हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. ते बाकाच्या पाठीला हात लावून सावकाश बसले. थोड्या वेळाने निळ्या साडीतल्या एक बाई आल्या, साधारण माझ्याच वयाच्या. यजमानांनी वर्तमानपत्र त्यांच्या हातात दिलं. त्या वाचत होत्या, ओठ हलताना दिसत होते. यजमान त्यांच्याकडे किंचित झुकून ऐकत होते. मग त्या काहीतरी म्हणाल्या आणि यजमान हसले, मान मागे टाकून. इतकं मोकळं हसलेलं मी बरीच वर्षं पाहिलं नव्हतं.

फिल्म चाळीस मिनिटांची होती. संपली की पुन्हा सुरू व्हायची. मी ती तीन वेळा बघितली. ती दोघं चार वेगवेगळ्या दुपारी होती, दर वेळी साडी वेगळी.

आमच्या घरचा क्रम असा होता, की अडीच वाजता यजमान सदाशिव पेठेतल्या वाचनालयात जायचे आणि पाचला यायचे. आल्यावर चहा घेताना दिवसभराच्या बातम्या मला सांगायचे, कोणत्या पानावर काय आलंय त्यासकट. मी ऐकून घ्यायचे. घरी वर्तमानपत्र येत असूनही ते वाचनालयात का जातात, असं मी एकदा विचारलं होतं. तिथे शांतता असते, म्हणाले होते. ते मला थोडं लागलं होतं, पण पटलंही होतं.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले. तिथल्या गृहस्थांना यजमानांचं नाव सांगून ते येतात का, असं विचारलं. त्यांनी रजिस्टर न उघडताच सांगितलं, "सभासदत्व चालू आहे. सभासद येत नाहीत."

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीच्या आधीपासून. आपण त्यांच्या कोण?"

मी जिना उतरले.

मग पुढचे आठ-दहा दिवस मी घरातल्या घरात माझं जुनं काम केलं. बोलताना ते माझ्या डोळ्यांत बघत नाहीत, कानाजवळ कुठेतरी बघतात, हे मला आधीच जाणवलं होतं. आता त्याचा अर्थ लागला. फोनवर निरोप आले तर स्वतः वाचत नाहीत, उघडतही नाहीत. मागच्या वर्षी स्कूटर विकली, गुडघा दुखतो म्हणून. त्याच गुडघ्याने बागेपर्यंत चालत जातात. आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर सही करताना त्यांची सही रेघेखाली उतरली होती. चाळीस वर्षं ती सही एका ओळीत चालली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, पेन घसरलं. मन जागेवर नसलं की हात असाच जातो, हे मी बँकेत शंभर वेळा पाहिलंय.

त्या दिवसांत मी त्यांना चहा दिला, औषधं दिली, आणि एकही जास्तीचा शब्द बोलले नाही. त्यांनी दोनदा विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही." खरं तर सरळ विचारायला हवं होतं. पण विचारलं तर उत्तर मिळतं, आणि ते खरं की खोटं हे पुन्हा आपणच ठरवायचं. मला पुरावा आणि माणूस समोरासमोर हवे होते.

रविवारी मी म्हटलं, "बागेत ते दालन उघडलंय ना, चला, बघून येऊ."

"मला काय कळतंय चित्रांतलं."

"रेघांचं चित्र आहे. तुमचा विषय."

ते आढेवेढे घेत होते. मला त्याचंही कारण माहीत आहे असं मला वाटत होतं. शेवटी आले. बागेच्या फाटकापासून बंगल्यापर्यंत मी त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघत होते, बकुळीकडे त्यांचं लक्ष जातं का. गेलं नाही.

रेघांच्या भिंतीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. मान एकदा डावीकडे कलती केली, एकदा उजवीकडे. मग म्हणाले, "मधे सगळ्या वाकवल्यात. का बरं? कडेला किती छान आहेत."

मी भिंतीकडे पाहिलं. एकही रेघ वाकलेली नव्हती. मला वाटलं, टिंगल करताहेत. मनात म्हटलं, करा, पुढच्या खोलीत बघू.

पुढच्या खोलीत मी त्यांना हाताला धरून बसवलं आणि स्वतः अशी बसले, की पडद्याऐवजी त्यांचा चेहरा दिसावा. डब्याची बाई झाली, मुलं झाली, कुत्रं झालं. पडद्याचा उजेड त्यांच्या गालावर बदलत होता. मग तपकिरी स्वेटर आला. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही.

काहीही झालं नाही. पापणीसुद्धा हलली नाही. निळी साडी आली, वर्तमानपत्र उघडलं गेलं, पडद्यावरचे ते हसले, आणि माझ्या शेजारचे ते दुसऱ्याच कोणाचं घर बघावं तसे बघत राहिले. इतकं सराईत सोंग मी कधी पाहिलं नव्हतं.

"कोण आहेत हो ते बाकावर?" मी विचारलं.

"बसलंय कोणीतरी. पुरुष आहे ना?"

"आणि शेजारी?"

"बाई असावी. निळं दिसतंय."

"स्वेटर ओळखीचा वाटत नाही?"

त्यांनी मान बाजूला वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पडद्याकडे बघायला लागले. माझ्याशी बोलताना बघतात, अगदी तसेच. बराच वेळ गेला. पडद्यावर त्या बाई उठून गेल्या होत्या.

"अगं," ते हळूच म्हणाले, "तो मी आहे का?"

सोंग नव्हतं. इतक्या वर्षांत मला एवढं तरी कळतं. मी 'हो' म्हटलं, आणि आम्ही उठून बाहेर व्हरांड्यात आलो. रखवालदाराने आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि तो पायऱ्या उतरून लांब जाऊन उभा राहिला.

"केव्हापासून?"

"मागच्या गणपतीपासून. आधी खिडकीचे गज वाकडे दिसायला लागले. आता मधलं जातं. कडा दिसतात. वाचायला घेतलं की जो शब्द बघतो तोच नाहीसा होतो."

"आणि मी?"

"तुझे कान दिसतात," ते म्हणाले. "तोंड जातं. म्हणून जरा बाजूला बघतो, मग थोडं येतं."

मला रडू आलं नाही, राग आला. एक वर्ष माझ्यासमोर बसून या माणसाने बातम्या सांगितल्या होत्या, पान नंबरासकट. "मला का नाही सांगितलंत?"

"तू मला एकट्याला बाहेर सोडलं नसतंस." मग म्हणाले, "आणि रोज तपासलं असतंस. हे दिसतं का, ते दिसतं का."

दहा दिवस मी दुसरं काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितलं, की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय. उजव्या डोळ्याचं गेलंय ते येणार नाही, डाव्याला इंजेक्शनं देऊन आहे तेवढं टिकवता येईल. "वर्षभर आधी आला असतात तर," असं म्हणून ते थांबले, आणि माझ्याकडे बघितलं. घरची बाई असून लक्षात कसं आलं नाही, असं त्यांना म्हणायचं होतं की नाही, देव जाणे. मला तसंच ऐकू आलं.

त्या आठवड्यात मी एकटीच बकुळीखालच्या बाकावर जाऊन बसले. तीनच्या सुमाराला त्या बाई आल्या. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, जवळच राहणाऱ्या. मी ओळख सांगितली. त्या जराही दचकल्या नाहीत.

"पहिल्या दिवशी म्हणाले, चष्मा विसरलोय, हे एवढं वाचून दाखवता का," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशीही विसरले. मग रोजच. मीही म्हणायचे, असू द्या, होतं असं."

"तुम्हाला कळलं होतं?"

"दवाखान्यात जन्म गेला माझा. चार वेळा म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. म्हणायचे, घरी सांगितलंय, तारीख घेतली आहे."

म्हणजे त्यांनाही थाप मारली होती. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. मग मी ज्यासाठी आले होते ते विचारलं, "हसायचे कशाला?"

"छोट्या जाहिराती वाचायचे मी. स्थळांच्या. 'वधू गोरी, गृहकृत्यदक्ष, पगार चांगला.' ते म्हणायचे, आमच्या घरी ही तिन्ही मिळाली, वर तपासनीसही मिळाला."

मी हसले नाही. घरी येताना रिक्षात थोडं हसू आलं.

आता इंजेक्शनं चालू आहेत. सकाळचं वर्तमानपत्र मी वाचून दाखवते. त्यांचं म्हणणं, मी आजारपणाच्या आणि अपघातांच्या बातम्या गाळते. गाळते. आणि मधे मधे माझं मत घालते, तेही खरं. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ते अजून बागेत जातात. "त्या नुसतं वाचतात," असं म्हणाले. मी बागेच्या फाटकापर्यंत सोडते. तिथून बाकापर्यंतची पावलं त्यांना पाठ आहेत. मी मात्र लगेच निघत नाही. ते बसेपर्यंत बघते, वर्तमानपत्र त्या हातात घेईपर्यंत बघते, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही जरा वेळ बघते.