काठवाल्या बाई आणि खाली गेलेली भेग

चाचणीशाळेत त्यांना सगळे ‘काठवाल्या बाई’ म्हणत, आणि बाईंना त्याचा राग येत नसे. कामच तसं होतं. चिवट तंतूंचे थर चिकटवून केलेल्या प्लेटला भेग पडली तर ती पुढे कुठे वळेल, हे त्या गणितानं, स्वतः लिहिलेल्या संगणकाच्या प्रोग्राममधून सांगत. अशी प्लेट तंतूंच्या दिशेनं एक ताकद दाखवते आणि आडव्या दिशेनं भलतीच, त्यामुळे भेगेचा काही नेम नसतो. शेजारच्या खोलीतली मंडळी त्यासाठी प्लेटभर जाळं आखत बसत. बाई फक्त बाहेरचा काठ आणि भेगेच्या दोन कडा घेत, त्यांचेच बारीक तुकडे पाडत, आणि आतल्या भागाकडे ढुंकूनही पाहत नसत. “आत काय चाललंय ते काठाला बरोबर कळतं,” असं त्या इतक्या खात्रीनं सांगत, जणू काठ त्यांच्या माहेरचाच माणूस होता.

घरी आई होती. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली, आता डोळ्यांनी साथ सोडल्यावर नुसते सल्ले देणारी. “तू तिथे नेमकं करतेस तरी काय?” हा तिचा अकरा वर्षांचा प्रश्न होता. एकदा बाईंनी कागदभर समीकरणं लिहून समजावलं. आईनं मान डोलावली आणि त्या कागदात आपले खडू गुंडाळून ठेवले.

यंदा मात्र साहेबांनी स्पष्टच सांगितलं, “बाई, तुमचा प्रोग्राम चालतो हे खरी प्लेट मोडून दाखवा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून तुम्हीही जाळंच वापरा.” अकरा वर्षं लेकरासारखा वाढवलेला प्रोग्राम! बाईंचा जीव टांगणीला लागला.

त्यांनी अंदाज आधीच लिहून दिला: भेग अठ्ठावीस अंश वर वळेल. मशीनवाल्या काकांनी प्लेट यंत्राच्या जबड्यात धरली आणि ताण वाढवत नेला. काड्कन आवाज झाला. भेग वळली खरी, पण खाली.

“झालं, मुसळ केरात,” काका पुटपुटले आणि लगेच जीभ चावली. साहेबांनी अंदाजाचा कागद घडी घालून खिशात टाकला.

घरी आल्यावर बाईंनी पर्स फेकली आणि सगळं आईला सांगून टाकलं.

“किती खाली गेली?” आईनं विचारलं.

“अठ्ठावीस अंश. तुला काय करायचंय?”

“म्हणजे आकडा तोच, नुसती दिशा उलटी?” आई खुदकन हसली. “अगं, मी पहिल्यांदा शर्ट कापला तेव्हा दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या होत्या. माप चोख होतं, पण एकदा कापड उलटं पडलं होतं.”

बाई ताडकन उठल्या. तंतूंचा कोन त्यांनी प्लेटच्या एका बाजूनं मोजला होता आणि भेग सुरू व्हावी म्हणून काठाला खाच कापताना प्लेट पालथी होती! दोन्ही बाजू सारख्याच काळ्या कुळकुळीत, कळणार कसं? पालथ्या प्लेटमध्ये तिरके तंतू बरोबर उलटे झुकतात.

“आता निकाल पाहून उत्तर फिरवायचं?” दुसऱ्या दिवशी हे ऐकून साहेब म्हणाले. बोलणं रास्त होतं. बाईंनी नवी प्लेट मागितली, वेगळ्या कोनाची. ती हाती येताच पर्समधून आईचा पांढरा खडू काढला आणि कोन मोजण्याआधी प्लेटवर ठळक लिहिलं: ‘सुलट’. मग खाच कापली, अंदाज लिहून साहेबांच्या हाती दिला: एकोणीस अंश, खाली.

काकांनी या वेळी तोंड मिटून ताण दिला. काड्कन! साहेबांनी स्वतः कोनमापक लावला, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

“अठरा,” ते म्हणाले. “खालीच. बाई, एक अंश तुम्हाला माफ. तुमचा काठ राहू द्या.” काकांनी तर टाळीच वाजवली.

संध्याकाळी बाईंनी ती मोडकी प्लेट घरी नेली आणि आईच्या मांडीवर ठेवली. आईनं भेगेवरून सावकाश बोट फिरवलं, थेट टोकापर्यंत. मग प्लेट डोळ्यांजवळ नेऊन खडूचं अक्षर शोधलं.

“म्हणजे तू फाटायच्या आधीच सांगतेस, कुठे फाटणार ते?”

“हो गं.”

“मग हे अकरा वर्षांपूर्वी सांगायला काय झालं होतं?” आई म्हणाली आणि प्लेट शेजारणीला दाखवायला उठली.