मोराचा मोठा डोळा

घटस्थापना. माझ्या थोरल्या भावाची मेंढ्या कातरायची कात्री मी दुरुस्तीसाठी लोहाराच्या हाती दिली. या दिवसाबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

खंडेनवमी. ती कात्री लोहाराच्या दारातून उचलून नेण्यात आली. जबाबदार : चौक सुशोभीकरण समितीचा टेम्पो व त्यातील कार्यकर्ते.

दिवाळीपूर्वीचा आठवडा. तिची दोन्ही पाती वेल्डिंगने एकमेकांना कायमची जोडण्यात आली. जबाबदार : समितीने नेमलेला ठेकेदार.

प्रजासत्ताक दिन. भावाने कधीही न केलेल्या दानाबद्दल ध्वनिक्षेपकावरून त्याचे जाहीर आभार मानण्यात आले. जबाबदार : समितीचे अध्यक्ष, स्वतः.

मी सांगलीच्या न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालो आणि माधवनगरला राहतो. भाऊ वडूजच्या पुढे माळावर राहतो. वडिलांची मेंढरे त्याच्या वाट्याला आली, शाळा माझ्या. तरुणपणी एका एडक्याने धडक देऊन त्याचा उजवा अंगठा मोडला. तो वाकडाच जुळून आला आणि पुन्हा कधी वळला नाही. त्या वेळच्या लोहाराने कात्रीच्या मुठीचे एक कडे उघडून मोठे केले आणि बाहेरच्या अंगाला झुकवले. तेव्हापासून भावाने दुसरी कात्री हातात धरली नाही. पाती झिजून गवताच्या पानासारखी झाली, मधला खिळा सैल पडला, लोकर कापली जाण्याऐवजी चावल्यासारखी तुटू लागली, तरी ती त्याने टाकली नाही. त्याच्या भागातले लोहार आता खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटके बनवतात. म्हणून घोंगडीच्या तुकड्यात कात्री गुंडाळून तो एसटीने माझ्याकडे आला.

"दादा, नवी घे ना," मी म्हणालो.

"नव्या कात्रीत माजा अंगठा जात न्हाई, आन् नवा अंगठा बाजारात मिळत न्हाई. तुज्याकडं कुणी लोहार हाय का, तेवढं सांग."

आमच्याकडे मेंढ्या कातरण्याचे काम सावडीने चालते, हे येथे नमूद केले पाहिजे. मजुरी कोणी घेत नाही. मी तुझी मेंढरे कातरतो, तू माझी कातर. प्रत्येकाने आपली कात्री घेऊन यायचे. ज्याच्याजवळ कात्री नाही किंवा हात चालत नाही, त्याने मेंढराचे पाय धरून बसायचे. त्याचीही मेंढरे लोक कातरून देतात, पण ती फेड नसते, दया असते. माळावर हा फरक लहान मुलालाही कळतो.

कवठे महांकाळच्या रस्त्यावरील एका गावात माझ्या माहितीचा लोहार होता. त्याने पात्यांना पोलाद चढवले, नवा खिळा ठोकला, झुकलेल्या कड्याला मात्र हात लावला नाही. काम झाल्याचे त्याने फोनवर कळवले आणि दसरा झाल्यावर न्यायला सांगितले. खंडेनवमीला दुकानातली सगळी अवजारे, स्वतःची आणि गिऱ्हाइकांची, धुऊन दारात फळीवर मांडायची, हळदकुंकू आणि झेंडू वाहायचे आणि सीमोल्लंघन होईपर्यंत एकही उचलायचे नाही, हा त्याच्या घरचा रिवाज.

त्याच सुमारास समितीची रिक्षा भोंगा लावून गावभर फिरली होती. झिजलेली, मोडलेली अवजारे दाराबाहेर ठेवा, त्यांपासून चौकात लोखंडी मोर उभा राहील. आता या गावातला कोणताही माणूस अवजार पूजल्याशिवाय घराबाहेर टाकणार नाही. तेव्हा सगळे खंडेनवमीपर्यंत थांबले आणि त्या सकाळी आपापली मोडकी खुरपी, विळे, कुदळी हळदकुंकू लावून, फूल वाहून दारात ठेवून मोकळे झाले. दारोदारी पूजलेले लोखंड मांडलेले होते. त्यातले कोणते उद्या कामाला लागणार आणि कोणते पुन्हा कधीच नाही, हे नुसते पाहून कोणाला सांगता आले असते? लोहार देवळात नारळ फोडायला गेला होता. टेम्पोने त्याची फळी रिकामी केली. येथवर मी त्याला चूक म्हणतो. पुढच्या प्रकाराला चूक म्हणण्यास माझा नकार आहे.

लोहार आणि मी समितीच्या कचेरीत चकरा मारू लागलो. माल कोठे आहे हे तेथे कोणाला ठाऊक नव्हते. दिवाळीच्या तोंडावर ठेकेदाराच्या शेडचा पत्ता लागला. मोर अर्धा झाला होता. विळ्यांचा पिसारा, नांगराच्या साखळीची मान. कात्रीची मिटलेली पाती त्याची चोच झाली होती आणि मुठीची दोन कडी डोळे. एक डोळा मोठा होता आणि बाहेर झुकलेला होता.

"ही कात्री दान केलेली नाही," मी ठेकेदाराला सांगितले. "ती दुरुस्तीला दिलेली वस्तू आहे."

"मग हळदकुंकू कशाला लावलं हुतं?"

"खंडेनवमी होती म्हणून."

"आवं आजोबा, समद्यांचीच खंडेनवमी हुती. आन् अध्यक्षसाहेब त्या चोचीवर लय खूश हायती."

लोहाराने जवळ जाऊन पात्यावरून बोट फिरवले आणि मला बाजूला घेतले. "कापून दिली तरी उपेग न्हाई. वेल्डिंगच्या आचेनं पाणी उतरलंय तिचं, धार धरायची न्हाई. लोणीसुदिक कापायची न्हाई." मग त्याने खिशातून सुतळी काढली आणि मोराच्या मोठ्या डोळ्याचे माप घेतले.

त्या मापाने त्याने नवी कात्री घडवली. ती घेऊन मी वडूजला गेलो. भावाने एक मेंढी कातरायला घेतली आणि मानेपाशी तिचे कातडे कापले गेले. त्याने जखमेला हळद लावली आणि कात्री मला परत दिली. "मेंढराला लागतंय," एवढेच म्हणाला. मूठ वर्षानुवर्षे त्या अंगठ्याभोवती झिजत गेली होती. ते झिजणे सुतळीने मोजता येत नव्हते.

मी समितीला पत्रे लिहिली. वस्तू कोणाची, ताबा कोणाकडे, संमती कोणी दिली, प्रत्येक मुद्दा वेगळ्या परिच्छेदात मांडला. उत्तर एकाही पत्राला आले नाही. माझ्या पत्रांतून त्यांनी घेतले ते फक्त भावाचे नाव. प्रजासत्ताक दिनी मोराचे अनावरण झाले तेव्हा मी गर्दीत उभा होतो. दात्यांच्या नावांत त्याचे नाव वाचले गेले, टाळ्या वाजल्या. मी हात वर केला. एका कार्यकर्त्याने मला पेढा दिला.

समितीने भावाच्या नावाने दिलेले, फोटोफ्रेममध्ये बसवलेले आभारपत्र घेऊन मी उन्हाळ्याआधीच्या कातरणीला माळावर गेलो.

"काय लिवलंय?" भावाने विचारले.

"अवजार दान केल्याबद्दल आभार."

"मी कवा दिलं?"

"दिलं नाहीस."

"मग आबार कशाचं?"

त्याने फ्रेम उलटसुलट करून पाहिली. "ह्या कागदानं एक मेंढरू कातरून दाव वकीलसायेब, मग लिव पुढचं पत्र."

त्या दिवशी त्याने मेंढरांचे पाय धरले. एक जण म्हणाला, "आवं, आज तुमी सायेब. बसून काम." सगळे हसले, तोही हसला, जरा उशिराने. दुपारी त्याच्या कळपाची पाळी आली तेव्हा तो उठून आडवा उभा राहिला.

"माजी ऱ्हाऊ द्या."

"आसं कसं? उनाळा तोंडावर आलाय."

"फेडता येत न्हाई ते मी घेत न्हाई रं. ऱ्हाऊ द्या."

बाकीच्यांनी कात्र्या मिटल्या. त्याची मेंढरे अंगावर लोकर घेऊन उन्हात हिंडत आहेत, बाभळीखाली धापा टाकीत बसतात. पावसाआधी कळप बाजारात काढतो, असे तो परवा फोनवर म्हणाला. मी त्याला थांब म्हणालो. कशासाठी, हे त्याने विचारले नाही.

अध्यक्ष महोदय, कात्री परत करा असे मी म्हणत नाही. ती आता कात्री उरलेली नाही. माझी मागणी एकच आहे. ज्या चौकात, ज्या ध्वनिक्षेपकावरून आपण माझ्या भावाचे आभार मानलेत, तेथेच उभे राहून आणि त्याचा कळप बाजारात जाण्यापूर्वी, सर्वांदेखत सांगावे की त्याची कात्री त्याने दिली होती की आपण नेली होती. ते ऐकण्यासाठी मी त्याला एसटीने घेऊन येईन. आम्ही दोघे मोराच्या मोठ्या डोळ्याखाली उभे असू.